टमरेल भरेपर्यंत

आप्पांना लघवीला लागली होती आणि मी त्यांना मोबाइलवरचं टमरेल भरेपर्यंत थांबायला लावलं.

टमरेल मीच काढलेलं होतं. झालंही देखणं होतं. वर नळ, नळातून पडणारे निळे ठिपके. ठिपके साचत साचत काठाला आले की टमरेल आपसूक उचललं जायचं, जरासा झोका घ्यायचं आणि डावीकडच्या दाराकडे डुलत निघायचं. दार उघडायचं. मगच बटण चालू व्हायचं, आणि ते दाबलं की मोबाइल टुंग करून घरातल्यांना बोलवायचा. आप्पांचं दार उघडायच्या आतच झालं.

आप्पा म्हणजे माझे वडील. जन्म कुडपणचा, वर डोंगरावर, म्हशींच्या मागे फिरण्यात गेलेलं बालपण. नंतर खाली उतरून शिकले आणि महाडच्या स्टँडवर कंट्रोलर झाले. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागतेय ते माइकवरून सांगायचं काम त्यांचं. आवाज असा की निवृत्त झाल्यावर मंडईत त्यांनी नुसतं ‘मेथी कशी दिली?’ विचारलं तरी शेजारच्या दोघातिघांचे हात आपोआप पिशव्यांकडे जायचे.

मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि शब्द गेले. एक तेवढा राहिला. पोलादपूर.

चहा हवा असला तरी पोलादपूर, नको असला तरी पोलादपूर. उशी टोचली की पोलादपूर, डास चावला की पोलादपूर. आईने देवासमोर नेऊन एक हात जोडायला लावला, तेव्हाही ते मनोभावे पुटपुटले ते पोलादपूरच. जन्मभर दिवसातून कितीदा तरी तो शब्द माइकमध्ये गेला होता, तोच कुठेतरी आत चिकटून राहिला असावा. डॉक्टर म्हणाले, “शब्द अडकलाय. त्यात अर्थ शोधू नका.” मला ते पटकन कळलं. तेच तेच फिरत राहणाऱ्या चित्राला आमच्या धंद्यात लूप म्हणतात.

माझा धंदा मोबाइलवरची चित्रं हलवण्याचा. पुण्यात एका लहानशा कचेरीत आम्ही काही जण दिवसभर मान खाली घालून बसायचो. रंगीत पडद्याचे मोबाइल नुकते लोकांच्या हातात आले होते. पडदा काडेपेटीएवढा आणि त्यात सगळं ठिपक्याठिपक्याने भरायचं. निरांजनाची ज्योत हलवायची, प्रेमिकांसाठी बदाम धडधडवायचा. गेम उघडायला वेळ लागायचा, तेवढ्यात गिऱ्हाईक वैतागू नये म्हणून पडद्यावर एक बदक चालवायचं. माणसाला थांबवून ठेवायचं आणि आपण थांबलोय हे त्याला कळू द्यायचं नाही, यात माझा हात धरणारा कचेरीत कुणी नव्हता. साहेब एकदा म्हणाले होते, “तुझं बदक बघताना मी गेम खेळायचा विसरलो.” ती शाबासकी मी बरीच वर्षं मिरवली.

आप्पांचं कळल्यावर मी महाडला आलो. येताना रडू येईल म्हणून रुमाल दोन घेतले होते. दोन्ही घडी न मोडता परत बॅगेत गेले. आईचंही तसंच. पोस्टात रांगेत उभी असलेली माणसं जशी पुढच्याच्या पाठीकडे बघत उभी असतात, तशी आम्ही दोघं घरात वावरत होतो. ती अंथरूण बदलायची, मी चादरीचं दुसरं टोक धरायचो. मध्ये आप्पा म्हणायचे, “पोलादपूर,” आणि आम्ही आळीपाळीने अंदाज करायचो.

त्याच सुमाराला माझी आत्या कुडपणहून उतरली. आप्पांच्या पाठची बहीण, आवाजात घराणं तेच. तिने भावाचं पोलादपूर ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून आईला म्हणाली, “गो वैनी, दादा येवढा सांगतोय पोलादपूर, पोलादपूर, तर न्या की त्याला पोलादपूरला!”

“डॉक्टर म्हणतात त्याला अर्थ नाही,” मी म्हणालो.

“डाक्तरला काय ठावं? कुडपणला जायचं तर पोलादपूरलाच गाडी बदलायला लागते ना? घरी जायाचं म्हणतोय तो.”

हे मला इतकं पटलं की मीच जीप ठरवली. आमचं घर वरच्या मजल्यावर आहे, कारण खालच्या मजल्यावर एखाद्या पावसाळ्यात सावित्री नदी येऊन बसते. त्या अरुंद जिन्यावरून आप्पांना खुर्चीसकट उतरवलं. खालच्या मेडिकलवाल्या काकांनी एक पाय धरला. खुर्चीचा म्हणायचं होतं मला, पण धरला आप्पांचा. आप्पा ओरडले, “पोलादपूर!” काका म्हणाले, “हो हो, तिकडंच चाललात.”

पोलादपूर आलं. घाटाकडे वळणाऱ्या गाड्या, वडापावचा वास, हायवेवरचा धुरळा. जीप कडेला घेतली. आत्याने खिडकीतून बोट दाखवलं, “हे बघ दादा, पोलादपूर.” आप्पांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

“वर जायाचं? कुडपणला?”

“पोलादपूर.”

“की मागं फिरायचं?”

“पोलादपूर.”

आम्ही वडापाव खाल्ले. आप्पांना कुस्करून भरवला, त्यातली मिरची राहून गेली होती. तेव्हा जो पोलादपूरचा उच्चार झाला त्यात मात्र अर्थ होता, डॉक्टर काही म्हणोत. परतीच्या वाटेवर मला वाटत होतं, आता तरी वाईट वाटेल. खिडकीतून लावणीची खाचरं मागे जाताना बघत होतो आणि मनात हिशोब करत होतो की हे असं सरकतं शेत करायचं तर किती चित्रं लागतील.

मोबाइलची कल्पना मला सुचली ती टीव्हीच्या रिमोटवरून. आप्पांची हो-नाहीची मानसुद्धा उलटसुलट हलायची, पण रिमोट डाव्या हातात दिला की बातम्या बरोबर लागायच्या, आणि जाहिरात आली की आवाज बंद व्हायचा. म्हणजे माणूस आत शाबूत होता, फक्त दार मिळत नव्हतं. मग मोबाइलवर चित्रं द्यावीत. मोबाइलच्या बटणांमधल्या खुंटीने एकेक पुढे सरकवायचं, हवं ते आलं की दाबायचं. कोड लिहिणं माझ्या आवाक्याबाहेरचं. कचेरीतल्या एका मित्राने तो फोनवरून सांगितला आणि मी शुद्धलेखनासारखा उतरवून घेतला. मधेच भारनियमन सुरू झालं की आम्ही दोघं दोन गावांत गप्प बसून राहायचो.

तेव्हा अ‍ॅप हा सुटसुटीत शब्द महाडला पोचलेला नव्हता. मेडिकलवाल्या काकांनी विचारलं, “सध्या काय करतोस?”

“अ‍ॅप्लिकेशन करतोय, काका.”

“बरं केलंस. कुठं?”

“मोबाइलमध्ये.”

“म्हणजे मोबाइल कंपनीत. उत्तर आलं का?”

“अजून चालू नाही झालं.”

“येईल, येईल. सारखं विचारू नये त्यांना.”

चित्रांत चहा सोपा होता, कपातून वाफ काढली की झालं. पंखा फिरवला. पाठ खाजवायला एक पंजा केला, तो वरून खाली यायचा. अडचण आली ती पाण्याचा तांब्या आणि आप्पांच्या लघवीचं टमरेल यांची. इतक्या थोड्या ठिपक्यांत दोन्ही सारखीच दिसायला लागली. आईला दाखवलं तर ती चष्मा वर करून म्हणाली, “देवापुढं ठेवायचं आणि संडासात न्यायचं एकच काढलंस होय रे?”

इथे एखाद्या शहाण्याने टमरेलाचा आकार बदलला असता. मी कलावंत. मी ठरवलं, वस्तू सारखी दिसली तर दिसू दे, वागणुकीतून वेगळी कळली पाहिजे. तांब्या कलंडेल आणि भांड्यात पाणी ओतेल. टमरेल नळाखाली भरेल, मग दाराकडे चालत जाईल. ती चाल जमवायला मला पुष्कळ वेळ लागला. माणसाच्या हातातलं भरलेलं टमरेल कसं जरा बाहेर कलतं, पाणी सांडू नये म्हणून मनगट कसं आखडतं, हे सगळं मी त्यात आणलं, माणूस न दाखवता. मधेच बटण दाबलं की चित्र तुटायचं, ते मला बघवायचं नाही. म्हणून टमरेल दारात पोचेपर्यंत बटणंच बंद ठेवली.

आईला सगळं चालवून दाखवलं. ती म्हणाली, “छान आहे. अगदी खरंखुरं चालतंय.” मग खाटेकडे बघत, “ह्यांना जमेल?”

“बदकाचं जमलं लोकांना,” मी म्हणालो.

आप्पांनी चहा मागितला, मिळाला. पंखा मागितला, मिळाला. त्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खाटेशी उभा होतो. अंगठ्याने त्यांनी खुंटी सरकवली, टमरेलावर आणली. मला आठवतं, मी पुढे वाकलो ते त्यांच्याकडे बघायला नव्हे, पडद्याकडे. नळ सुटला. ठिपके पडायला लागले. आप्पांचा अंगठा बटण दाबत होता, पुन्हा दाबत होता. “पोलादपूर,” ते म्हणाले. ठिपके अर्ध्यावर आले. “पोलादपूर. पोलादपूर!” इतका मोठा आवाज आजारपणात पहिल्यांदाच निघाला होता.

मी म्हणालो, “थांबा आप्पा, भरतंय.”

चादर ओली झाली. त्यांचा अंगठा बटणावरून निसटला आणि हात खाली आला. टमरेल झोका घेत निघालं, दारात पोचलं, दार उघडलं. पडद्यावर ते उभंच राहिलं, आता दाबा म्हणून.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगतो, कारण दुसरं काही आलंच नाही. दाराकडे वळताना टमरेल एका जागी किंचित अडखळतंय, तिथे एक चित्र कमी पडलंय, असं मला वाटलं.

आई आली. तिने बघितलं आणि म्हणाली, “सरक.” मी सरकलो. तिने सगळं बदललं, मी नेहमीसारखं चादरीचं दुसरं टोक धरलं. आप्पा भिंतीकडे तोंड करून होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्यांचा एकुलता एक शब्दही उच्चारला नाही.

त्यानंतर त्यांनी मोबाइलला हात लावणं सोडलं. उशाशी ठेवला तर ढकलून द्यायचे. तेवढंच असतं तर आम्ही पुन्हा अंदाजावर आलो असतो, पण त्यांनी पाणी पिणंही सोडलं. प्यायचंच नाही म्हणजे लागायलाच नको. भांडं ओठाला लावलं की दात मिटून घ्यायचे. चहा अर्ध्यावर ठेवायचे. डॉक्टरांनी जिभेकडे बघितलं आणि आईवर डाफरले, “पाणी गेलं नाही तर सलाइन लावायला न्यावं लागेल. माणूस वाळतोय.” आई ऐकून घेत उभी राहिली. माझं नाव तिने सांगितलं नाही. मीही नाही.

मी पुन्हा ठिपके भरायला बसलो. या वेळी टमरेल डालड्याच्या डब्याचं केलं, सरळ उभं, एका बाजूला कान, मध्ये लाल पट्टा. तांब्या गोलमटोल. लांबूनही चुकायची सोय नाही. नळ काढला. दार काढलं. ती चाल काढताना मात्र मी जरा रेंगाळलो. वाईट वाटायचं होतं ते बहुतेक तिथे वाटून घेतलं. आता चित्र समोर आलं की लगेच दाबायचं, दाबलं की लगेच टुंग, आणि टुंग झाल्यावर वाटलं तर टमरेलाने जागच्या जागी एकदा हलावं, हाक पोचली एवढंच कळवायला. मधेच काहीही दाबा, चित्र तुटलं तर तुटू दे. कचेरीत असं करून दिलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, यात तू काय केलंस?

पण आप्पा त्याच्याकडे बघायलाच तयार नव्हते. आत्याने पाण्याचं भांडं धरलं, “पी रे दादा, आता लवकर वाजतो तो.” आप्पा भिंतीकडे.

मग मी सोंग आणलं. समोरच्या खाटेवर आडवा झालो, उजवा हात लुळा सोडला, डाव्या हातात मोबाइल. टमरेल दाबलं. टुंग. ठरल्याप्रमाणे आई खरं टमरेल घेऊन धावत आली आणि माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं, कृतज्ञ चेहरा केला, परत दिलं. पुन्हा टुंग. पुन्हा आई. आत्या पदर तोंडात कोंबून हसत होती. “गो वैनी, तुज्या लेकाला गोड मूत लागलाय काय?” तिसऱ्या वेळी आई टमरेल माझ्या पोटावर आपटून म्हणाली, “आता स्वतः जा.” मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. आप्पा भिंतीकडून इकडे वळले होते.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या सकाळी मी अंघोळीला चाललो होतो तेवढ्यात टुंग. धावत गेलो, टमरेल घेऊन. आप्पांनी ते बघितलं आणि डाव्या हाताने ‘जा’ केलं. परत आलो, साबण हातात घेतला, टुंग. पुन्हा धावलो. पुन्हा ‘जा’. असं त्यांनी मला कितीतरी वेळा पळवलं, अर्ध्या ओल्या पंच्यात. नुसतं वाजतं की कुणी येतंसुद्धा, हे ते तपासत होते. माझी पळापळ बघायलाही त्यांची हरकत नसावी. मग भांड्याकडे त्यांनी आपणहून हात केला आणि पाणी प्यायले. सगळं. दुपारी टुंग झालं ते खरं होतं, आणि मी वेळेवर पोचलो. आई ओट्याशी पाठ करून उभी होती. ती म्हणाली, “झालं?” मी म्हणालो, “झालं.” एवढाच आमचा सोहळा.

मग चित्रं वाढत गेली. खाटेचं डोकं वर करा, मच्छरदाणी सोडा. आई म्हणाली, “एक बंद करायचंही काढ रे. ट्यूब चालू राहते, टीव्ही चालू राहतो, ह्यांना त्रास होतो आणि सांगता येत नाही.” मी एक दिवा काढला, पेटलेला, दाबला की विझायचा. दोनच चित्रं. आयुष्यात इतकं आळशी काम मी केलेलं नव्हतं.

ते चालू करून काही दिवस झाले असतील. मेडिकलवाले काका दुपारचं दुकान मिटून वर आले होते. आत्या खाली बसून आमसुलं निवडत होती. काकांनी आप्पांच्या हातातला मोबाइल बघितला, “हेच का ते अ‍ॅप्लिकेशन?” म्हणाले, आणि मला तेवढं पुरलं. ठिपके कसे भरतात, हालचालीचा भास कसा होतो, पुण्याचे साहेब काय म्हणाले, ज्योतीला तीनच चित्रं का पुरतात आणि वाफेला का पुरत नाहीत, मी सुटलोच. काका ‘हो का’, ‘अरे वा’ करत होते. हात वर करून वाफ कशी वळते ते मी दाखवत होतो, तेव्हा टुंग झालं.

बघितलं तर पडद्यावरचा दिवा विझलेला. “बंद करायला सांगतायत,” मी काकांना कौतुकाने म्हणालो. “बघा, कसं जमतंय!” उठून ट्यूबचं बटण बघितलं. ट्यूब बंदच होती, दुपार होती. टीव्ही असेल म्हणून बघितलं, तोही बंद. मी परत येऊन वाफेवर आलो. टुंग. मग पंखा असेल. पंखा बंद केला. चौघांनाही घाम फुटायला लागला. मी म्हणालो, “तर काका, वाफेचं असं आहे,” आणि टुंग, टुंग, टुंग.

“मीटरच बंद करू का, आप्पा?” मी विचारलं. “काही कळत नाही बघा काका, कदाचित बटण अडकलं असेल, पुन्हा उघडून बघायला पाहिजे.”

आत्याने आमसुलातून मान वर केली.

“बटान नाय अडाकला, रे. तुजं तोंड बंद कर सांगतोय तो.”